पत्रिकेवरचा चौकोन आणि वळसंगची विहीर

ज्ञानाचं दार एकदा उघडलं, की माणूस पुन्हा पूर्वीच्या जागी येऊ शकत नाही. हे वाक्य माझंच आहे. ते मी माझ्या वेब-पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या व्याह्यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं. त्यांची बस मागे वळेना.

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, योगासनं करतात, निदान सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मला यातलं काही जमलं नाही. माझ्या पुतणीने, ऋतुजाने, मला कामाला लावलं. तिला विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा यांचं वेड. एक दिवस वाचनालयातून ती फणफणत आली.

"काका, आपल्याकडे विज्ञानकथा कुठे ठेवतात माहितीये?"

"कुठे?"

"दहावीच्या विज्ञानाच्या गाइडांशेजारी! आणि भयकथा अध्यात्माच्या कपाटात!"

"त्यात काय," मी म्हणालो, "इंटरनेटवर सगळं असतं. शोधणारा पाहिजे."

(हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने म्हणालो, तो आत्मविश्वास पुढे सगळ्या घराला महागात पडला.)

मी शोधायला बसलो. 'परग्रहावरच्या गोष्टी' असं लिहिलं, तर मंगळाची शांत करून देणारे तीन गुरुजी हजर झाले. 'भुताच्या कथा' लिहिलं, तर एक गृहस्थ चोवीस तासांत शत्रूचा नायनाट करून द्यायला तयार. पण मी हटलो नाही. चार महिने खपलो. आणि खरोखर खजिना सापडला! जुन्या दिवाळी अंकांची फोटो काढून ठेवलेली पानं. गोष्टी वाचून दाखवणाऱ्यांच्या ध्वनिफिती. नव्या लेखकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेली मासिकं. एक वाचकांचा कट्टा तर असा, की तिथे कुणीतरी विचारतं, 'लहानपणी एक गोष्ट वाचली होती, त्यात माणूस आरशात अडकतो, नाव सांगा', आणि पन्नास जण पन्नास वेगवेगळे आरसे घेऊन धावत येतात.

हे सगळे दुवे मी एका पानावर मांडले आणि त्याला नाव दिलं 'अद्भुतद्वार'. सर्वांत वर एक नकाशा टाकला. हौशी वाचकांनी तयार केलेला हा नकाशा, भयकथा जिथे घडतात त्या खऱ्याखुऱ्या जागांवर लाल खुणा. खूण दाबली की गोष्ट उघडते, आणि शेजारचं बटण दाबलं की तिथे जायचा रस्ता दिसतो. सोलापूरच्या बाजूला एकही खूण नव्हती. हा जिल्ह्याचा अपमान मला सहन झाला नाही. मी स्वतःच एक भयकथा लिहिली, 'विहिरीतली वरात', आणि वळसंगच्या शिवारातल्या एका विहिरीवर खूण ठोकून दिली. विहीर मी बसच्या खिडकीतून एकदा पाहिली होती. तेवढा अभ्यास मला पुरला.

सहा महिन्यांत पानावर चौतीस जण आले. त्यांतले तीस म्हणजे मीच.

अशातच ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा करमाळ्याचा, इंजिनियर, अभिजित नावाचा. कार्यालय अक्कलकोट रस्त्यावर, नवंकोरं, आत वळलेलं, सहज न सापडणारं.

"पत्रिका तुझ्याकडे," दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि ऋतुजाचा बाप, मला म्हणाला. "मराठीचा माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं? आणि तो चौकोन टाक त्यावर. मोबाईल धरला की रस्ता दाखवतो तो."

मी छापखान्यात दोन चौकोन पाठवले. एक पत्रिकेसाठी, कार्यालयाच्या रस्त्याचा. दुसरा माझ्या 'अद्भुतद्वार'चा. तो मला वाचनालयात वाटायच्या, पुस्तकात ठेवायच्या खूणपट्ट्यांवर छापून हवा होता. म्हटलं, एका हेलपाट्यात दोन्ही होईल.

छापखान्याच्या मालकांनी नमुना पुढे ठेवला. "सर, एकदा बघून सही करा."

मी चष्मा पुसला. दोन तास बसलो. सतरा चुका काढल्या. 'आशीर्वाद' दुरुस्त केला, 'स्नेहाकांक्षी' सरळ केले, एका आत्याबाईंच्या नावातला उकार लांबवला.

"आणि चौकोन बघितला का सर?"

"चौकोनात काय बघायचं?" मी म्हणालो. "त्यात ऱ्हस्वदीर्घ नसतं."

मालक आदराने हसले. मीही हसलो. मग सही केली.

पत्रिका वाटल्यावर आठवडाभरात 'अद्भुतद्वार'वर एकदम साठ-सत्तर जण आले. मी वहिनीला म्हणालो, "बघ, साहित्याला वेळ लागतो, पण किंमत कळते."

"लग्नघरात साहित्य म्हणजे तांदूळ, नारळ, सुपाऱ्या," वहिनी म्हणाली. "ते आणलंत का भावजी?"

लग्नाचा मुहूर्त होता बारा पस्तीसचा. सोलापूरची मंडळी दहालाच आली, कारण रस्ता त्यांना तोंडी सांगितला होता. (आमच्याकडे पत्रिका फक्त नाव आहे का ते बघायला उघडतात.) साडेअकरा झाले तरी करमाळ्याच्या बसचा पत्ता नव्हता. दादा दारात येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात दोन अनोळखी गृहस्थ आले. हातात माझी खूणपट्टी.

"नमस्कार. इथे भयकथा मिळतात असं वाचनालयात कळलं."

दादाने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मिळेल," तो म्हणाला. "जरा थांबा. सुरू होतेच आहे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्या मुलाचे मामा. करमाळ्यात त्यांच्या शब्दाला फार वजन, आणि आवाजाला त्याहून जास्त.

"सर, आमी पोचलो की!"

"या, या! कुठे आहात?"

"तेच इचारतोय. मांडव दिसंना कुटं."

"कार्यालयाचं मोठं दार दिसतंय का?"

"दार न्हाय. हीर हाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पायऱ्या आहेत का तिला?"

(लेखकाची जिज्ञासा. गोष्टीत मी पायऱ्या घातल्या होत्या.)

ऋतुजा मुंडावळ्या सावरत आली. तिने माझ्या हातातून पत्रिका घेतली, त्या गृहस्थांच्या हातातून खूणपट्टी घेतली, दोन्हींवर मोबाईल धरला, चौकोनांची अदलाबदल मला दाखवली, आणि शांतपणे म्हणाली, "काका, माझी वरात तुमच्या गोष्टीत गेलीय."

दादाने फक्त मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. तीस वर्षं वर्गात बोललो, पण एवढं स्पष्ट मला कधी बोलता आलं नाही.

विहीर गाठली तेव्हा बाराला पाच कमी होते. शेताच्या अरुंद वाटेत बस रुतलेली, दोन्ही बाजूंना उभी ज्वारी. मला पाहताच बँडवाल्यांना वाटलं मुलीकडचे सामोरे आले, त्यांनी जोरात सुरुवात केली. विहिरीच्या काठावर फेटा बांधलेले मामा माझीच गोष्ट मोबाईलवरून मोठ्याने वाचत होते.

"'करमाळ्याहून निघालेली ती वरात विहिरीशी आली, आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडली नाही...' सर, हे काय हाय?"

आता काय सांगणार? ती गोष्ट मी सोयरीक ठरायच्या कितीतरी आधी लिहिली होती, आणि करमाळा निवडलं ते केवळ नावाला भारदस्त नाद आहे म्हणून. नवऱ्या मुलाच्या आई बसमधून उतरायलाच तयार नव्हत्या. "त्या हिरीचं त्वांड बी बगनार न्हाय मी!" असं त्या खिडकीतून, विहिरीकडे बघत बजावत होत्या.

शेताचे मालक पाटील तर वेगळ्याच कारणाने तापलेले. त्यांच्याजवळ ट्रॅक्टर होता, मागे ट्रॉली होती. वऱ्हाड वेळेत पोचवायचं तर तेवढा एकच मार्ग होता.

"पाटील, एवढं पोचवा," मी हात जोडले.

"पोचवतो की. पर आदी सांगा, ही गोष्ट कुनी लिवली?"

"मी."

"माज्या हिरीत वरात बुडाली म्हनं?"

"काल्पनिक आहे हो ते."

"हीर काल्पनिक हाय व्हय? ही काय समोर! आज्यापास्नं पानी देती. कवा कोंबडं बी पडलं न्हाय तिच्यात! उद्या पोरीला स्थळ आलं, अन् त्यांनी हे वाचलं, मंग? आदी बदला, मंग ट्रॅक्टर सुरू."

बारा वाजले. मी काठावर उकिडवा बसलो आणि मोबाईलवर गोष्ट उघडली. तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो, की लेखकाने समाजाच्या दबावाखाली एक शब्दही बदलू नये.

"विहीर कुठे हलवू?" मी विचारलं.

"कुटंबी हलवा."

मी लिहिलं, मोडनिंब. माझ्या खांद्यावरून डोकावणारे एक पाहुणे लगेच उसळले. "मोडनिंब का म्हनून? आमच्याकडं काय हिरी वाया गेल्यात?"

ते मोडनिंबचे निघाले. मी माढा लिहिणार तोच बसच्या खिडकीतून आवाज आला, "माढ्याला माजं माहेर हाय!" त्या एका बसमध्ये अर्ध्या जिल्ह्याचं सोयरेपण भरलेलं होतं. गावाचं नाव काढलं की कुणाची तरी मावशी दुखावत होती. बारा वाजून आठ मिनिटं झाली. शेवटी मी जिथे कुणाचंच माहेर नाही अशी जागा शोधली आणि विहीर मंगळावर नेली.

"मंगळावर चालेल का?" मी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाची हरकत नव्हती. पाटलांनी मोबाईल हातात घेऊन स्वतः खात्री केली आणि ट्रॅक्टर सुरू केला. अशा रीतीने एका मराठी भयकथेची विज्ञानकथा झाली.

मोटारसायकल विहिरीपाशीच ठेवून मीही ट्रॉलीत चढलो. नवरा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. एका हाताने ट्रॉलीचा दांडा, दुसऱ्या हाताने फेटा धरून. धक्क्याधक्क्याला त्याचा हार माझ्या कानात जात होता. तो हळूच म्हणाला, "काका, ती वरात शेवटी जाते कुठे?"

माझा ऊर भरून आला. पहिला खरा वाचक, आणि तोही घरचा!

"खरं सांगू?" मी म्हणालो. "मला शेवट सुचेना, म्हणून गायब केली."

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला.

बारा चौतीसला नवरदेव ट्रॉलीतून उतरला. गुरुजी अंतरपाट धरूनच उभे होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मामांनी दादाला मिठी मारली. दादाने मला मात्र जेवणं संपेपर्यंत ट्रॅक्टरजवळ उभं केलं, पाटलांना काही हवं-नको बघायला. ते दोन वाचनालयवाले गृहस्थ पहिल्याच पंगतीत बसले होते.

'अद्भुतद्वार' अजून सुरू आहे. दुवे मी नेमाने तपासतो, बंद पडलेले काढतो, नवे घालतो. पानाच्या तळाशी वाचकांनी चिंतन मांडावं म्हणून एक मोठी चौकट ठेवली आहे. तिच्यात आजवर एकच मजकूर आला आहे, पत्रिकेवरून तिथे पोचलेल्या कुणा पाहुण्याचा.

'जेवण चांगलं होतं. दुसऱ्या पंगतीला शेंगाचटणी मिळाली नाही.'