बंड्याचं परसदार

तवंदीचा घाट जवळ आला तरी चंपाबाई गप्पच होत्या. निपाणीत बसमधून उतरल्यापासून एक शब्द नाही. काखेत नारळाची पिशवी, पाय अनवाणी. अमावास्येला स्तवनिधीच्या देवाला चालत जायचा त्यांचा नेम होता. यंदा शेजारची दिपाली आपणहून सोबत निघाली होती. चंपाबाईंना असं मुकं झालेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वीपर्यंत अख्ख्या सदलग्यात इतकं बोलणारी दुसरी बाई नव्हती. आणि बोलणं सगळं बंड्याचं. बंड्या म्हणजे त्यांचा तांबडा गावठी कुत्रा. "जैनाच्या घरात वाढलाय त्यो. दिवस बुडला की अन्नाला तोंड लावत न्हाय," हे त्यांनी बस्तीच्या देवळात सांगितलं, डेअरीवर सांगितलं, बसच्या कंडक्टरला कानडीतून सांगितलं. दिपाली शाळेत शिकवायची, थोडंफार लिहायची. तिनं शाळेच्या वार्षिक अंकात बंड्यावर लेखच लिहिला.

लिहिताना तिचा हात अडखळला होता. कारण दिवस बुडला की बंड्या तिच्याच परसदारी यायचा. एरवी रश्श्यात कुस्करलेली भाकरी, रविवारी मटणाची हाडं. एवढं पोट भरल्यावर घरच्या भाकरीला तो कशाला तोंड लावेल? पण चंपाबाईंना हे सांगायचं कुणी?

मग गावात सिनेमावाले आले. खऱ्या कुत्र्यांनाच नायक करून, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा सिनेमा त्यांना काढायचा होता. त्यांना बंड्या आवडला. चंपाबाईंनी अट घातली, "दूध-भाकरी घालायची. त्येबी दिवस बुडायच्या आत." सिनेमाच्या साहेबांनी हात जोडले. "आज्जी, शब्द दिला." काही दिवस शूटिंगला नेऊन त्यांनी बंड्याला परत आणून सोडलं.

सिनेमा निपाणीच्या टॉकीजला लागला तेव्हा चंपाबाईंच्या लेकानं, बाळगोंडानं, सगळी गल्ली ट्रॅक्स गाडी करून नेली. चंपाबाई इरकल लुगडं नेसून मधल्या खुर्चीत. बंड्या पडद्यावर आला की पोरं शिट्ट्या मारायची आणि त्या वळून सगळ्यांकडं बघायच्या.

मध्यंतरानंतर पडद्यावर लग्नाचा मांडव आला. मागच्या बाजूला आचाऱ्यांची गडबड. बंड्या तिथं गेला, शेपूट हलवली. कुणीतरी हाड फेकलं. त्यानं ते वरच्यावर झेललं, पुढच्या दोन पायांत उभं धरलं आणि मान तिरकी करून कडाकडा फोडलं. टॉकीज हसून हसून लोळायची राहिली.

चंपाबाईंचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. दिवे लागले, माणसं उठली, तरी हात तोंडावरच. "आई, चल," बाळगोंडा तीनदा म्हणाला. त्यांना ऐकूच गेलं नाही.

दिपालीनं त्याच रात्री परसदाराला कडी घातली. बंड्या सांजेला येऊन दारावर नखं घासायचा, कुईकुई करायचा. घरी नावाला दोन घास. आठ दिवसांत बरगड्या मोजता यायला लागल्या. तेवढ्यात सिनेमावाल्यांनी पुढच्या सिनेमासाठी त्याला कायमचं मागितलं. सकाळी निघताना बाळगोंडा म्हणाला, "इथं झुरून मरण्यापरीस जाऊ दे. आज सांजच्याला गाडी येत्या." चंपाबाई हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत.

घाटाच्या चढाला त्या एकदम थांबल्या.

"दिपाली, किती दिवस न्हेलतं गं त्येंनी बंड्याला?"

"सहा, अक्का."

"सहा दिवसांत असं हाड धराय शिकतंय व्हय कोण? माझ्या सुनंला सहा वर्सांत भाकरी थापाय आली न्हाय."

दिपाली दोन पावलं पुढं आली. "अक्का, मी..."

"गप. देवाच्या वाटंवर हाय आपण. खोटं बोलू नगं, आन् खरंबी बोलू नगं."

बाजूनं एक उसाचा ट्रक कण्हत वर गेला. चंपाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"बाळगोंडाला फोन लाव. गाडी आली तर माघारी धाड म्हणावं. बंड्या कुठं जाणार न्हाय."

दिपालीनं फोन लावला, निरोप सांगितला. चंपाबाई पुढं चालायला लागल्या होत्या. मागं न बघताच म्हणाल्या,

"माझ्या घरात त्याला दूध-भाकरीच मिळंल, मरूस्तवर. पर तुझ्या परसदाराची कडी तेवढी काढ गं. पैल्यासारखं घालत जा. फकस्त हाड फोडल्याला आवाज माझ्या सोप्यात येऊ देऊ नगं."