साहेबरावांची तिसरी गैरहजेरी

'निघालो' म्हणजे काय, हे मिनलला चाकणने शिकवलं. तिथल्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ती डिस्पॅच बघते. कुठला ट्रक कधी लागणार, कधी भरणार, कधी सुटणार, याचा घोर दिवसभर तिच्या डोक्याला. ट्रकवाला 'निघालो मॅडम' म्हणाला की तो अजून टॉवेल शोधतोय असं धरायचं आणि 'पोचलोच' म्हणाला की कुठेतरी चहा पितोय. अशा बाईला रविवारी तरी सुखाने झोपू द्यावं की नाही? पण 'चौदावाले' क्लबने नेमकं तिलाच हेरलं आणि नावनोंदणीचं लोढणं तिच्या गळ्यात अडकवलं.

चौदावाले म्हणजे गाडीच्या पाटीवर एमएच चौदा मिरवणारी पिंपरी-चिंचवडची हौशी मंडळी. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कासारवाडीच्या उड्डाणपुलाखाली गाड्या जमवायच्या, रांगेने कुठेतरी जायचं, मिसळ हाणायची आणि परत यायचं, एवढाच यांचा उद्योग. त्यातही नाव द्यायला सगळे पुढे आणि उठायला कुणी नाही. थर्ड शिफ्ट करून आलेला सुजित झोपून राहतो, हे एक वेळ समजू शकतं. पण सोपानरावांचं काय करायचं? रावेतचे जुने गावकरी, शेतात आता टॉवर उभे, दारात तीन गाड्या. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान, अशी त्यांच्या घरची रीत. त्यामुळे त्याच दिवशी पुतणीची हळद असली तरी ते 'येतो की' असंच म्हणणार. मिनल भांडायला गेली, तर म्हणाले, "पोरी, न्हाई म्हनायचं जिवावर येतं बघ. तू समजून घ्यायचं."

समजून घेऊन घेऊन वैतागल्यावर मिनलने नियम काढला. नाव देऊन तीनदा गैरहजर राहिला की वर्षभर नाव कट. हजेरी दोनदा, निघताना पुलाखाली आणि परतताना निगडीच्या चहाच्या टपरीवर. एकदा कुणीतरी पंक्चर होऊन मागे राहिला आणि घरी जाईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही, तेव्हापासून ही परतीची भानगड. दोन्हींपैकी एक चुकली तरी गैरहजेरी लागणार. वशिला नाही, सबब नाही.

आणि या नियमात पहिला कोण सापडावा? तिचे स्वतःचे वडील, साहेबराव. साहेबरावांची सगळी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात गेली. "निम्म्या हिंदुस्थानच्या गाड्या पहिल्यांदा मी चालवल्यात," असं ते कासारवाडीच्या आपल्या गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि गल्लीचा त्यावर विश्वास होता. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने पांढरी छोटी गाडी घेतली. ती रोज पुसायची, पिंपरीच्या भाजीबाजारापर्यंत न्यायची आणि परत आणून कव्हर घालायचं. माणूस जरा बाहेर पडावा, चार जणांत मिसळावा, म्हणून मिनलनेच त्यांचं नाव क्लबात घातलं. पहिल्या रविवारी त्यांचं पोट बिघडलं. दुसऱ्या वेळी कंबर धरली. पिंटू, म्हणजे सोपानरावांचा मुलगा, जीभ सैल असलेला, सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, घरच्यांना माफी असती का?"

"नाही," मिनल म्हणाली खरी, पण तिच्या मनाला टोचणी लागली. तिसऱ्यांदा नाव कापलं तर पप्पा पुन्हा कधी विचारणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गाडी मग कव्हराखालीच म्हातारी होणार.

तिसरा रविवार उजाडला. बेत पवनानगरचा. त्या दिवशी नवल म्हणजे सोपानराव वेळेवर हजर. सुजितसुद्धा उठून आला होता, फक्त त्याची गाडी बायको माहेरी घेऊन गेली होती. सगळे आले आणि साहेबरावांचा पत्ता नाही. मिनलने फोन लावला.

"पप्पा, कुठे आहात?"

"घरीच गं. डोकं जड झालंय. तुम्ही व्हा पुढं."

तेवढ्यात पिंटूने आपली गाडी मागे घेतली. रिव्हर्स टाकला की त्याच्या गाडीत एक भसाडी धून वाजते, अख्ख्या पिंपरीत तशी दुसरी नाही. ती धून मिनलला एका कानाने पुलाखालून ऐकू आली आणि दुसऱ्या कानाने फोनमधून. तिने फोन तसाच धरून इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या आडून पांढऱ्या गाडीचं नाक दिसत होतं.

ती तरातरा गेली आणि दार उघडून शेजारी बसली. साहेबराव इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

"मागच्या दोन्ही वेळी पण इथंच होतात?"

त्यांनी समोर बघतच मान डोलावली आणि म्हणाले, "अगं, माझं काम काय, लाइनवरून उतरलेली गाडी यार्डात नेऊन लावायची. आतल्या आत. दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच आली नाही कधी. गेटाबाहेर एक गाडी नेली नाही मी. हायवेला हातपाय गार पडतात."

"आणि निम्म्या हिंदुस्थानच्या गाड्या?"

"त्यात खोटं काय आहे?"

मिनलला आधी राग आला, मग हसू आलं. इस्त्री करून तीन-तीनदा इथवर आलेला आणि रस्ता न ओलांडलेला बाप. ती उतरली, स्वतःच्या गाडीची किल्ली सुजितच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज पुढची गाडी साहेबरावांची. नियम माहीत आहे ना? पुढच्या गाडीला कुणी ओलांडायचं नाही."

मग जुन्या हायवेने जी मिरवणूक निघाली, ती चौदावाल्यांनी कधी पाहिली नव्हती. मागे एकाहून एक दणकट इंजिनं गुरगुरत होती आणि पुढे साहेबराव दुसऱ्या गिअरमध्ये. चिंचवड आलं, आकुर्डी आली, ते दुसऱ्यातच. पिंटूचा फोन आला, "ताई, आत्ता एक सायकलवाला हात करून पुढं गेला."

"सायकलवाल्याला क्लबचा नियम लागू नाही," मिनलने फोन ठेवला.

देहूरोडच्या पुढे साहेबरावांनी घसा खाकरला. "तिसरा टाकू?" टाकला. सोमाटण्याहून आत वळल्यावर रस्ता मोकळा झाला, तेव्हा त्यांनी विचारलंही नाही, सरळ चौथा टाकला. मिनल खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांच्याकडे पाहिलं असतं तर ती रडली असती.

पवनानगरला मिसळ झाली. सोपानराव साहेबरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, एवढ्या वर्सांत ह्यो रस्ता आज कुठं धड बघितला." परत निघताना मिनल दार उघडून शेजारी बसू लागली, तर साहेबराव म्हणाले, "तू तुझ्या गाडीत बस. मी येतो एकटा."

निगडीला सगळे टपरीवर थांबले. सगळे, म्हणजे साहेबराव सोडून. नेहमी रांगेच्या शेवटी राहणारा जयदीप म्हणाला, "काका थांबलेच नाहीत. हात करून सरळ गेले." मिनलने फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. चहा झाला, दुसरा झाला, तास होत आला, हायवेचं नाही नाही ते तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. पिंटू बिचारा शोधायला निघालाच होता, तेवढ्यात पप्पांचा फोन आला. आवाज मात्र आईचा, कस्तुराबाईंचा.

"किती फोन करतीस गं? ते चालवतायत."

"आई? तू गाडीत?"

"घरी आले, म्हणाले चल. या गाडीत मला आजवर नेलंय का कुणी? आत्ता मोशी मागं पडली."

"चाललात कुठे?"

"ते अजून ठरलं नाही. मी भाकरी बांधून घेतल्यात." मागून साहेबरावांचा आवाज आला, "तिला सांग, चौथ्यात आहे." आणि फोन बंद झाला.

सगळे मिनलच्या तोंडाकडे बघत होते. पिंटू हळूच म्हणाला, "ताई, काकांचं मग काय धरायचं?"

"परतीच्या हजेरीला नाहीत. गैरहजर."

"अगं, तिसरी हाय ना ती?" सोपानराव म्हणाले. "बापाचं नाव कापतीस व्हय?"

"कापते," मिनल म्हणाली. तिने सगळ्यांसमोर साहेबरावांचं नाव यादीतून काढलं आणि डोळे पुसत टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.