दहापैकी सात

आमच्या विद्यानगरच्या शाळेत सातवीला गणित शिकवणारे सर ‘नक्की’ हा शब्द वापरत नाहीत. अंबरपेठची बस येईल का विचारलं, तर म्हणतात, “दहापैकी सात वेळा येते.” माझ्या डब्यातली आंबाडीची भाजी दहापैकी आठ वेळा जमते.

त्यांच्या खिशात चिंचोके असतात, एका बाजूने घासून पांढरे केलेले. शेजारच्या वर्गात मी चित्रकला शिकवते आणि भिंतीपलीकडे चिंचोके टपटप पडत असतात. मला तो आवाज आवडतो.

एकदा खडू मागायला त्यांच्या वर्गात गेले. फळ्यावर सरांनी लिहिलं होतं: पांढरी बाजू पडण्याची शक्यता निम्मी. हुशार मुलांनी चिंचोका चारदा टाकून ‘निम्मी’ उतरवून घेतलं होतं. अजून बोटांवर बेरीज करणारी एक मुलगी मात्र शंभर वेळा टाकून रेघा ओढत बसली होती. तिच्या पांढऱ्याच्या रेघा साठाच्या वर गेल्या. वर्ग हसला. सरांनी त्या रेघा दोनदा मोजल्या आणि फळ्यावरचं ‘निम्मी’ पुसलं.

“सर, पुस्तकात निम्मीच आहे!” पहिल्या बाकावरून आवाज आला.

“हौ, ते नाण्याचं. चिंचोका हिने टाकलाय. मी न टाकताच लिहिलं.”

काल बसथांब्यावर ती मुलगी भेटली. मी म्हटलं, “येईल गं. दहापैकी सात वेळा येते.”

“चार वेळा, टीचर. मी महिनाभर मोजलंय.”

“सरांना सांगितलंस?”

“हौ. तेव्हापासून ते चालत जातात.”