धसईपलीकडच्या देवराईत चार दिवस

डॉक्टर म्हणाले, “आठ दिवस कोळशापासून लांब राहा.” आणि त्याच आठवड्यात शेटनी मला कोळशाच्याच कामावर मुरबाडकडे धाडलं. मी कल्याणच्या एका लाकूड-कोळशाच्या वखारीत कारकून. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, आणि आमच्या वखारीला जंगलं पुरेनात. धसईच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याशी एका गावाची देवराई आहे. तिथली झाडं मोजून यायची, एवढंच काम होतं. खोकल्याला मोकळी हवा मिळेल म्हणून मी लगेच हो म्हटलं. माझी बायको इंदू म्हणाली, “मीपण येते. एकटे गेलात तर तुम्ही औषधाच्या बाटलीचं बूचसुद्धा काढणार नाही.”

मुरबाडची मोटार सकाळी निघते असं सांगतात. खरं म्हणजे ती पेटते तेव्हा निघते. मागे कोळशाची टाकी, आणि क्लीनर पंखा फिरवून निखारे फुलवत बसलेला. डॉक्टरांचा सल्ला असा पहिल्या तासातच धुराला मिळाला. रायत्याची नदी ओलांडल्यावर चढ लागला तेव्हा सगळे उतरून चाललो. तेवढ्या चढात इंदूने तीन बायकांची माहेरं विचारून घेतली. तिला बोलायला माणूस लागतो, आणि माणूस तिला कुठेही सापडतो.

मुरबाडला खाणावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण मिळालं, चहा मात्र गुळाचा. जाणाऱ्यांनी साखर आणि काडेपेट्या बरोबर न्याव्यात. धसईला आठवड्याचा बाजार होता. तांदूळ, कांदे आणि सुकटीचे ढीग ओलांडत आम्ही बैलगाडी शोधली. गाडीवानाने भाडं ऐकून मान हलवली. “पैका नको, भाऊ. दोन काडेपेट्या द्या. घरात चूल इझली का शेजारी धावावं लागतं.” दोन काडेपेट्यांत आम्ही संध्याकाळपर्यंत गावात पोचलो.

गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. लाकडाच्या धंद्यातली माणसंही हे वाचत असतील. ज्याला खरंच जायचं आहे त्याने धसईच्या बाजारात विचारावं. माणूस पटला तर लोक वाट दाखवतात.

आमचा मुक्काम धर्मा पाटलांकडे होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. घरात त्याची आई होती. तिला सगळं गाव बयोआजी म्हणायचं. रात्री नाचणीची भाकरी आणि कैरीची चटणी खाताना धर्माने आपली अडचण सांगितली. “शेट बोलला, देवराई द्या, मी पक्की इहीर बांधून देतो. आमच्या बायकांचा सगला उन्हाळा झऱ्यावर जातो, भाऊ. एक हंडा भरायला केवढा टाइम लागतो ते तुमी उद्या बघा. आमी तरी काय करावं?” बयोआजीने इंदूच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन देवराईत शिरलो. बाहेर वैशाखाचं ऊन तापलेलं, आणि आत पाऊल टाकताच अंगावर गारवा. ऐन, हिरडे, जुनी जांभळं, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल झाडाझाडांतून गेलेली. ऐनाचा कोळसा उत्तम होतो. मी दुपारपर्यंत घेर मोजले, आकडे लिहिले आणि खोकत राहिलो. शेंदूर लावलेल्या देवाच्या दगडाजवळ पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वहाणा काढायच्या विसरलो होतो.

इंदू त्या वेळी आजीबरोबर झऱ्यावर होती. संध्याकाळी ती मला सांगत सुटली. “अहो, तिथं एक रीत आहे. हंडा भरेपर्यंत बोलायचं नाही. आजी म्हणाली, ‘बसायचं गो बाय. पान्याकडं ध्यान द्यायचं, मनात काय आलं तं येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं.’ आणि मी बसले! एक शब्द बोलले नाही!”

“तू?”

“हसा. पहिल्यांदा जीव घाबरा झाला. मग पाण्याचा आवाज बदलत जातो ना हंड्यात, तो ऐकू यायला लागला. मग पाखरं. मग माझा स्वतःचा श्वास. किती दिवसांत ऐकला नव्हता मी तो. उद्या तुम्ही या. ती पट्टी घरी ठेवा.”

तिसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो. कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. आजीने हंडा लावला, आम्ही तिघं बसलो. पहिला काही वेळ मी मनात कालचे आकडेच घोळवत होतो. मग तेही थांबलं. धार पडत होती, वरून एखादं पान खाली येत होतं, आणि मला उंबरमाळीचा डोंगर आठवला.

दोन वर्षांपूर्वी कसाऱ्याकडच्या त्या डोंगरावर मीच झाडं मोजली होती. तिथेही तोडलेल्या झाडांच्या बदल्यात शेटनी विहीर बांधून दिली होती. पहिला उन्हाळा पाणी टिकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात डोंगरातला झरा आटला आणि त्यामागोमाग विहीरही. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वखारीच्या दुसऱ्या कामावर जाताना उघड्या उतारावरून हंडे घेऊन चाललेल्या बायका दिसल्या, आणि मी मान वळवून पुढे गेलो होतो. इंदूलाही सांगितलं नव्हतं. त्या पहाटे मान वळवायला जागा नव्हती. हंडा भरला तरी मी उठलो नाही. आजीने माझ्याकडे पाहिलं, हंडा बाजूला ठेवला आणि काही न विचारता दुसरा लावला.

दुपारी गाव पाटलाच्या अंगणात जमला. शेटला काय सांगायचं ते ठरवायचं होतं. मी उभा राहिलो.

“झाडं तोडलीत तर विहीर एखाद्या वर्षाची,” मी म्हणालो, आणि उंबरमाळीचं सगळं सांगितलं. झाडं मीच मोजली होती, हेही सांगितलं.

मागून एक बाई म्हणाली, “आणि आता सांगतोस व्हय? त्या बायांनी कुटं जावं?”

मी खाली बसलो.

धर्मा पुढे झाला. “मंजे झाडं बी नाय द्यायची आन् बायांनी झऱ्यावर बसायचं बी तसंच?”

तेव्हा इंदू बोलली. “रात्रभर ती धार वाहून जाते ना? तिच्याखाली एक टाकं बांधलं तर? सकाळी येऊन नुसतं भरून न्यायचं.”

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. देवाच्या पाण्याला बांध घालायचा का, असं कोणीतरी पुटपुटलं. बयोआजी तीन दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. “देव काय रातभर पानी पीत बसतो? त्याच्या लेकींचं कंबरडं मोडतंय ते त्याला दिसत नाय व्हय? बांधा. एक झाड तोडू नका, मंजे झालं.”

मग दीड दिवस आम्ही दगड वाहिले, रचले आणि चिकणमातीने सांधे लिंपले. देवराईबाहेर आरडाओरडा, थट्टा, शिव्या. आत शिरलं की सगळे गप्प. वीस माणसं अनवाणी, न बोलता, डोक्यावर दगड घेऊन चाललीत हे दृश्य मी पुन्हा कधी पाहीन असं वाटत नाही. चौथ्या दिवशी टाकं झालं आणि संध्याकाळपर्यंत हंडा बुडेल एवढं पाणी साचलं. आधी मुली आल्या, मग बाया. मला खडसावणाऱ्या त्या बाईने हंडा बुडवून भरला, तो दोन्ही हातांनी तोलला आणि जाताना मला म्हणाली, “खोकला कमी झालाय तुझा.” खरंच झाला होता.

परतीची मोटार वाटेत दोनदा विझली. इंदू सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती, आणि मी काळजीने विचारलं, “बरं नाही का?” ती म्हणाली, “बरं आहे. खूप बरं आहे.”

गावाचा नकार मी शेटना सांगितला. ते म्हणाले, “तुला आता जंगलात पाठवायचं नाही.” कामावरून काढलं नाही, लढाईच्या दिवसांत वाचता-लिहिता येणारा माणूस सहज मिळत नाही. त्यांनी दुसऱ्या कारकुनाला शहापूरच्या पुढे, दुसऱ्या डोंगरावर धाडलं. म्हणजे देवराई राहिली, पण कोळशाची भूक तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसली. चार दिवसांत शांत बसायला शिकलो, याचा आनंद मला पुरेसा वाटेना. बसल्यावर जे दिसलं त्याचं पुढे काय करायचं, हे त्या झऱ्यावर कोणी सांगत नाही.

हे मी इंदूला जेवताना सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

“त्या शहापूरकडच्या गावाला शेट काय देणार आहेत?”

“विहीर.”

“तुमची सुट्टी कधी?”

“रविवारी.”

“मग शहापूरकडे जायला आसनगावची पहिली गाडी किती वाजता आहे, ते उद्या विचारून या,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला.