चाचींचं दावं

आमचा तालुका तुळजापूर, पण डॉक्टर, कॉलेज, लग्नाचे बस्ते सगळं सोलापूरला. धड गाव नाही, धड शहर नाही, अशा या हमरस्त्याकडेच्या प्लॉटिंगमध्ये आम्ही परंड्याहून येऊन घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला तुरी होत्या आणि शेजारी एकच पत्र्याचं घर. ते चाचींचं. चाचा वारलेले, मुलगा सोलापुरात रिक्षा चालवतो आणि तिथंच राहतो. दारात लिंबाखाली एक म्हैस. ती व्याली की पहिला चीक आमच्याकडं यायचा. मी पातेलं रिकामंच परत केलं की ऐकावं लागायचं, "बाई, शिकल्याली हायस न्हवं? भांड्यात गुळाचा खडा तरी टाकावा!"

पुढं तुरी गेल्या, बंगले आले. बंगल्यांबरोबर नाकाला रुमालही आले. शेणाचा वास येतो, माशा होतात, पाहुण्यांपुढं लाज वाटते. मला राग याचा यायचा की नाकं मुरडणाऱ्यांत एकही जन्माचा शहरी नव्हता. कुणी सास्तूरचा, कुणी लोहाऱ्याकडचा, सगळे शेणानं सारवलेल्या जमिनीवर रांगलेले. गल्लीच्या बैठकीत मी तसं तोंडावर म्हटलं. "मग तुमच्या दारात बांधा," असं उत्तर आलं. "बांधते की," मी म्हटलं. पण चाचींनीच हात जोडले. "माझ्यापायी भांडण नगं. इकते मी म्हस."

आमच्या भागात जनावर विकताना दावं देत नाहीत. घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो, जुनं विकणाऱ्याच्या घरी राहतं. घरात दावं असलं की त्याला बांधायला जनावर पुन्हा येतं, अशी समजूत. हिंदू असोत की मुसलमान, सगळेच पाळतात.

तामलवाडीचा एक शेतकरी म्हैस न्यायला आला. नवं दावं खांद्यावर टाकून तो जुनं सोडायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," चाची म्हणाल्या. "दाव्यासकट न्या."

तो चरकलाच. "आसं कसं चाची? दावं घरात ठिवा."

"ठिवून काय बांधू? ह्यांच्या मोटारी?"

चाची एकट्याच हसल्या. फाटकाफाटकांत उभी असलेली गल्ली खाली बघत राहिली.

मला ते सहन झालं नाही. मी पुढं झाले आणि म्हशीच्या गळ्यातलं जुनं दावं स्वतःच सोडवलं. "घर माझं, खुंटी माझी," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणत ते आमच्या मागच्या पडवीत टांगलं. म्हैस कोपऱ्यावरून वळली तशा चाची आत गेल्या.

आता आम्ही दोघी एकाच दुकानातून पिशवीचं दूध आणतो. चाची त्याला पांढरं पाणी म्हणतात आणि त्याचाच चहा करून मला पाजतात.

मागच्या आठवड्यात त्या संध्याकाळी थेट पडवीत आल्या. "बाई, दावं हाय का गं?"

मला केवढा आनंद झाला! "हाय की! काय आणलंत? शेळी?" म्हणत मी खुंटीवरून दावं काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते चाचपलं. नाकाशी नेऊन वास घेतला. मग पुन्हा खुंटीवर नीट अडकवलं.

"न्हाय गं. हाय का, तेवढं बघाय आल्ते."