घंटा उभ्या आहेत

मिसेस प्रीसनी आम्हा अर्ध्या गावाला शाळेच्या स्वयंपाकघरातून उकडलेला कोबी खायला घातला, आणि पुढे त्याच अर्ध्या गावाला चर्चच्या घंटा वाजवायला शिकवलं. दोन्हीकडे पद्धत एकच. कमरेवर हात ठेवून समोर उभं राहायचं आणि समोरच्याचं पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही. कोबी तरी लपवून खिशात घालता यायचा. घंटेचं तसं करता येत नाही.

आमचं एल्डरस्टो म्हणजे एक चर्च, ‘नांगर’ नावाचा एक पब, सफरचंदाच्या बागा आणि त्यांच्यामधून जाणारा एक रस्ता, ज्यावर समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी एकाने मागे जायचं असतं. मी तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या टायरांच्या दुकानात कामाला आहे, म्हणून मिसेस प्रीस मला नावाने कधी हाक मारत नाहीत. “काय रे टायरवाल्या, आज हात आणलेस की दुकानात ठेवून आलास?” हे शुक्रवारच्या सरावाचं स्वागत.

वसंतापासून मात्र त्या मला अधूनमधून ॲल्बर्ट म्हणायला लागल्या होत्या. ॲल्बर्ट माझे आजोबा. ते वारले तेव्हा मी चालायलासुद्धा लागलो नव्हतो. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग हसणं बंद झालं.

घंटांचं एक सांगितलं पाहिजे. एरवी त्या तोंड खाली करून लटकतात. वाजवायच्या आधी आम्ही त्यांना झोके देत देत पार उलट्या उभ्या करतो, तोंड आभाळाकडे. मग ते धूड एका लाकडी टेकूला रेलून उभं राहतं आणि खालच्या खोलीत त्याचा दोर निरागसपणे लोंबत असतो. दोराला लाल-पांढऱ्या लोकरीची जाड मूठ असते, दिसायला इतकी गोड की बघणाऱ्याला धरावीशीच वाटते. धरून ओढली, की वर घंटा कोसळते, पूर्ण गिरकी घेते आणि दोर वर खेचून नेते. ज्याला वेळेत सोडायचं कळत नाही तो दोराबरोबर छताला जातो. सर्वांत मोठ्या घंटेला आम्ही ‘थोरली’ म्हणतो. तिचं वजन एका लहान मोटारीएवढं. तिच्या दोराच्या भोकाशेजारी छताच्या गिलाव्यात एक खळगा आहे. तो कुणाच्या डोक्याचा यावर गावात दोन मतं आहेत. तो डोक्याचा आहे यावर एकच.

म्हणून नियम असा, की घंटा उभ्या असताना मनोऱ्यात माणूस नसेल तर दाराला कुलूप हवंच. किल्ली मिसेस प्रीसच्या गळ्यात, हिरव्या सुतळीत. आंघोळ करतानाही ती काढत नाहीत, असं पोस्टाचं वाटप करणारी ग्वेन प्रोबर्ट म्हणते. ग्वेन आमच्यातली सर्वांत चांगली वाजवणारी. तिचं आणि मिसेस प्रीसचं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे. कशावरून ते दोघींनाही आठवत नाही, पण सोडायला कुणी तयार नाही.

त्या उन्हाळ्यात किल्लीवरच गदा आली होती. चर्चचे कारभारी मिस्टर एल्कॉट शहरातून इथे राहायला आले त्याला दहा-बारा वर्षं झाली, म्हणजे अजून नवेच. नोकरीत त्यांनी कारखान्यांमधले धोके शोधले आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे शोधायला लागले. कबरस्तानातली शिडी, चहाची किटली, सणाच्या दिवशी मुलांच्या हातात देतात ती मेणबत्ती, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. शेवटी ते मिसेस प्रीसपाशी पोहोचले.

“प्रश्न वयाचा नाही,” ते पबमध्ये म्हणाले होते. “प्रश्न विसरण्याचा आहे. एखाद्या दिवशी दार उघडं राहिलं तर?”

ते मिसेस प्रीसच्या कानावर गेलंच. आमच्याकडे बातमीला ट्रॅक्टरला देतात तसा रस्ता देतात.

“त्यांना म्हणावं, किल्ली हवी असेल तर गळ्यासकट न्या,” मिसेस प्रीस म्हणाल्या. पण तेव्हा त्यांचा हात किल्लीवर होता आणि तो काढायला त्यांना वेळ लागला. नवरा गेल्यावर, शाळेचं स्वयंपाकघर बंद झाल्यावर, त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं. काही कोंबड्या आणि हा मनोरा. मंगळवारच्या सभेत चर्चची समिती निर्णय घेणार होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी टॅम्सिन लॉइडचं लग्न आलं.

लग्नात आम्ही घंटा आधीच उभ्या करून ठेवतो, म्हणजे जोडपं बाहेर पडताक्षणी वाजवता येतात. मधल्या वेळात दाराला कुलूप लावून आम्ही चर्चमागच्या जुन्या यू झाडाखाली सँडविच खातो. त्या दिवशीही तसंच. सगळे खाली उतरलो. मिसेस प्रीस शेवटी. सुतळी गळ्यातून काढून त्या कुलपाशी वाकल्या तेवढ्यात नवरीची आई धावत आली. फुलांचा भला मोठा स्टँड मधल्या वाटेत कलंडत होता आणि नवरी फाटकाशी पोहोचली होती.

“मिसेस प्रीस, तुमचे हात मजबूत आहेत हो, जरा धरता का!”

त्यांनी धरला. आम्ही बाहेर पडलो, थोड्या वेळाने त्याही आल्या.

झाडाखाली ऊन छान होतं. आतून पहिलं स्तोत्र ऐकू येत होतं, सगळं गाव आपापल्या सुरात.

“लग्नात एवढं बेसूर गातात, मग घटस्फोट होणार नाहीत तर काय,” ग्वेन म्हणाली.

“तू लग्न केलं नाहीस म्हणून तुला सगळं माहिती,” मिसेस प्रीस म्हणाल्या आणि सवयीने हात गळ्याशी नेला.

हात तिथेच थांबला. मग कॉलरच्या आत गेला. मग दुसऱ्या बाजूने. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

“किल्ली,” त्या म्हणाल्या.

ग्वेनच्या तोंडात घास तसाच होता.

“कुलपातच असेल,” मी म्हणालो. “फिरवलीत ना?”

“मला आठवत नाही, ॲल्बर्ट.”

आणि त्या उठल्या. गुडघ्यांची रोज तक्रार करणारी बाई कबरींच्या मधून अशी निघाली की मला पळावं लागलं. मनोऱ्याचं दार चर्चच्या आत, मागच्या टोकाला आहे. म्हणजे लग्नातून जाणं भाग होतं. स्तोत्र संपलं होतं. आत एकदम शांतता, आणि त्या शांततेत पाद्रीबाई नेमकं ते वाक्य म्हणत होत्या, की या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी.

मोठं दार करकरलं. मिसेस प्रीस दारात उभ्या. सगळ्या टोप्या एकदम मागे वळल्या. नवरदेवाचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

“माझी नाही,” मिसेस प्रीस म्हणाल्या. “चालू द्या.”

एरवी मी हसून लोळलो असतो. पण माझी नजर मनोऱ्याच्या दाराकडे होती. किल्ली कुलपात होती, हिरवी सुतळी खाली लोंबत होती. दार बोटभर उघडं होतं. आणि मागच्या बाकावर, कोपऱ्यात, जिथे मिस्टर एल्कॉट नेहमी बसतात, तिथे फक्त त्यांची टोपी होती.

जिना गोल आणि इतका अरुंद की एकाने दुसऱ्याला ओलांडता येत नाही. “मी पुढे होतो,” मी म्हणालो. त्यांनी मला कोपराने मागे सारलं.

“तू ओरडशील,” त्या कुजबुजल्या. “तो दचकला तर दोर ओढेल. पाय वाजवू नकोस.”

त्यांचा श्वास आत-बाहेर शिट्टीसारखा चालला होता. प्रत्येक वळणावर मला वाटे की आता वरून तो आवाज येणार. थोरलीचा एकच, चुकीच्या वेळचा ठोका. खाली टॅम्सिन लहान आवाजात काहीतरी कबूल करत होती.

वर, दोरांच्या खोलीत, मिस्टर एल्कॉट आमच्याकडे पाठ करून उभे होते. एका हातात फोन उंच धरलेला. छतातल्या खळग्याचा फोटो काढत होते, मंगळवारसाठी. थोरलीचा दोर मधे येत होता म्हणून त्यांनी तो बाजूला ओढला होता, आणि सुटू नये म्हणून लोकरी मुठीच्या खालचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता. व्यवस्थित माणूस. दोर ताठ झाला होता. वर, फळ्यांच्या पलीकडे, लाकूड हळूच कुरकुरलं. घंटा टेकूवरून सुटली होती आणि तोलावर उभी होती. आणखी वीतभर ओढलं असतं तर गेली असती.

“रॉजर,” मिसेस प्रीस म्हणाल्या.

त्यांनी मिस्टर एल्कॉटना कधी पहिल्या नावाने हाक मारली नव्हती. आणि तो आवाजही मी कधी ऐकला नव्हता. कोबी भरवणाऱ्या बाईचा नव्हताच तो. तान्ह्या बाळाच्या खोलीत बोलतात तसा आवाज.

“अहो, मी फक्त…” ते वळायला लागले.

“वळू नका. हात आहे तिथेच ठेवा. यंदा तुमच्या वाटाण्याच्या फुलांचं कसं काय?”

“काय?”

“फुलं. गोड वाटाणा. कुंपणाला लावलेला.”

“ठीक आहेत. कीड होती थोडी.” त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण आवाज पातळ झाला. “मिसेस प्रीस, हा दोर मला ओढतोय.”

“हो, ओढतोय. तुम्ही ओढू नका. घट्ट धरावंसं वाटेल, धरू नका. मी येतेय.”

त्या फळ्यांवरून चालत गेल्या. घाई नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभा, आणि माझ्या दोन तगड्या हातांचा काडीइतका उपयोग नव्हता. एका दोरावर दोघांनी झटापट केली की काय होतं ते आम्हाला पहिल्या शुक्रवारीच शिकवलेलं असतं. त्यांनी मिस्टर एल्कॉटच्या हाताच्या वर, लोकरी मुठीवर, आपले दोन्ही हात ठेवले. वरून पुन्हा कुरकुर. मिसेस प्रीसनी डोळे मिटले. दोरातून त्या वरच्या धुडाचं मन वाचत होत्या, असं मला वाटलं.

“आता माझ्याकडे आहे ती,” त्या म्हणाल्या. “वेढे सोडवा. हळू. फोन खाली टाका, दोन हात लागतील.”

फोन फळीवर आपटला. मिस्टर एल्कॉटच्या बोटांना तो साधा वेढा सुटेना.

“सुटत नाहीये.”

“सुटेल. कारखान्यात असं काही दिसलं असतं तर काय लिहिलं असतंत?”

“धोका… अतिशय गंभीर,” ते म्हणाले, आणि एक वेढा निघाला.

“बरोबर. अजून एक.”

मिसेस प्रीसचे दंड कापायला लागले होते. बाहीच्या आतून दिसत होतं ते. दोर केसभर खाली आला. मग दुसरा वेढा निघाला.

“भिंतीला जा. भिंतीला, रॉजर!”

ते भिंतीला चिकटले. मिसेस प्रीसनी हात इंच इंच वर जाऊ दिले, दोर जाईल तसे. आणि वर ठक्क. घंटा टेकूला परत टेकली. एवढाच आवाज झाला.

त्या बाकावर बसल्या. मिस्टर एल्कॉट जमिनीवरच बसले. त्यांच्या मनगटावर दोन लाल वळ होते. मग खाली ऑर्गन गडगडला, आणि ग्वेन आणि बाकीचे धापा टाकत वर आले.

“लग्न लागलं,” ग्वेन म्हणाली. आमच्याकडे पाहिलं आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

“मग उभे काय राहिलात?” मिसेस प्रीस म्हणाल्या. “वाजवा. थोरली तू घे, ग्वेन. माझे हात गेलेत.”

मंगळवारी गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. मिस्टर एल्कॉट उभे राहिले. बाही मनगटापर्यंत ओढलेली. ते म्हणाले की मिसेस प्रीसबद्दलचा आपला प्रस्ताव आपण मागे घेत आहोत. आपण आज इथे उभे आहोत ते कुणामुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासारखी माणसं…

“खाली बसा, मिस्टर एल्कॉट,” मिसेस प्रीस म्हणाल्या.

“मी तुमच्या बाजूने बोलतोय!”

“कळलं. दार उघडं होतं.”

“पण तुम्ही…”

“दार उघडं होतं,” त्या म्हणाल्या. “वर नवरीकडचं लहान पोर गेलं असतं, तर ते वाटाण्याच्या फुलांवर गप्पा मारत थांबलं नसतं.”

त्यांनी मान खाली घातली आणि सुतळी डोक्यावरून काढायला लागल्या. केसांत अडकली. कुणी मदतीला उठलं नाही, तेवढं भान आम्हाला आहे. सुटल्यावर त्या टेबलांच्या मधून चालत गेल्या आणि किल्ली ग्वेनसमोर ठेवली.

ग्वेनने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मला नको, मेव्हिस.” मिसेस प्रीसना पहिल्या नावाने हाक मारणारी ती एकटीच.

“माहितीये. म्हणूनच तुला.”

त्यानंतरच्या शुक्रवारी त्या येतील की नाही यावर पबमध्ये पैजा लागल्या. त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या, मनोऱ्याच्या बंद दाराशी, चर्चमधल्या गारव्यात. किल्ली नव्हती ना. ग्वेनला उशीर झाला म्हणून तिला ऐकावं लागलं. आता त्या सर्वांत लहान घंटा वाजवतात आणि तिथून बाकीच्यांना बोलतात. मिस्टर एल्कॉटसुद्धा शिकायला येतात. त्यांना अजून दोर सोडायची वेळ कळत नाही आणि त्यावरून मिसेस प्रीस त्यांना काय बोलतात ते ऐकायला आम्ही मुद्दाम थांबतो.

सराव संपला की ग्वेन दाराला कुलूप लावते. मिसेस प्रीस शेजारी उभ्या राहून कोटाची बटणं लावतात, बराच वेळ. ग्वेन निघाली की त्या मागे वळून कडी एकदा ओढून बघतात.

“लावलंय, मेव्हिस!” ग्वेन वळूनही न बघता ओरडते.

“मी कुठे काय म्हणाले?” मिसेस प्रीस म्हणतात, आणि अजून एकदा ओढून बघतात.