रंगावर पडलेलं पीठ

बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले त्या उन्हाळ्यात आम्ही जबलपूरचं क्वार्टर रिकामं केलं. ट्रक फाटकाशी उभा होता आणि आई रिकाम्या स्वयंपाकघरात फरशी पुसत होती. "मागून येणाऱ्यांनी नावं नको ठेवायला," म्हणाली. मी ओट्याला टेकून रडत होते. बाबांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "काहून रडून राहिली? सरकारी होतं ते. आपलं थोडीच होतं?"

आई-बाबा नागपूरला दादाकडे गेले, मी नोकरीसाठी पुण्याला. गावी घर असलेली माणसं सणावाराला परत जातात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे क्वार्टरमध्ये वाढले त्यांना ठाऊक आहे, आपल्याला तिथे जायला कारणच उरत नाही.

पुण्यात मी मुलांच्या पुस्तकांची मांडणी करत असे. मी "जेवून राहिले" म्हटलं की ऑफिसात हसू फुटायचं, म्हणून "जेवतेय" म्हणायला शिकले. पुढे नोकरी सोडली आणि घरूनच कामं घेऊ लागले. कोल्हापूरची गार्गी गोष्टी लिहायची आणि प्रत्येक पुस्तकासाठी माणसं जमवायची, कुणी चित्रांसाठी, कुणी मांडणीसाठी. पुस्तक संपलं की टीम पांगायची, पुढच्या वेळी नवी जमायची. कुणी कुणाचा साहेब नाही, हे मला आवडायचं. फक्त कधीकधी दिवस मावळताना लक्षात यायचं, की आज लॅपटॉपमधल्यांशिवाय कुणाशी बोलणंच झालं नाही.

अशाच एका पुस्तकाला चित्रकार म्हणून रेणू आली. पहिल्याच कॉलवर तिच्यामागे रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय बड्डे!" मी बोलता बोलता थांबले. मित्राला अशी हाक जबलपूरशिवाय कुठं मारतात?

"जबलपूर में कहाँ?" मी विचारलं.

"घमापुर, दीदी. पापा की आटाचक्की है. आपको कैसे पता?"

त्या दिवशी काम बाजूलाच राहिलं. गार्गी बिचारी आमच्या गप्पा ऐकत बसली.

जबलपूरजवळच्या बरगी धरणाच्या पाण्यावर होडीतून शाळेला जाणाऱ्या मुलीची गोष्ट होती ती. रेणूचं पाणी असं असायचं की बोट लावून बघावंसं वाटे. पण मधेच तिच्या चित्रांवर बारीक पांढरे कण दिसू लागले. मोठं करून पाहिलं तरी उलगडेना. स्कॅनरची काच पुसायला सांगितली.

"काँच साफ है, दीदी," ती म्हणाली. "आटा है."

भावाचं लग्न झालं होतं. गच्चीवरची तिची खोली नव्या जोडप्याला दिली होती आणि ती आता खाली, चक्कीच्या मागच्या बोळात बसून रंगवत होती. ओल्या रंगावर पीठ उडून बसायचं. तिची तक्रार नव्हती. तिच्या हातात असतं तरी तिनं ती खोली भाऊ-वहिनीलाच दिली असती. "ये किताब पूरी कर दूँगी," ती म्हणाली, "फिर रिछाई के कारखाने में डिब्बों की छपाई का काम मिल रहा है. वहाँ टेबल तो होगी."

फोन ठेवल्यावर मी घरभर नजर फिरवली. माझ्याकडे टेबल होतं, खिडकी होती, शांतता तर नको इतकी होती. घरमालकाशी करार संपत आला होता. आणि माझं काम कुठूनही होण्यासारखं होतं. चार वर्षं मी हे सगळ्यांना अभिमानानं सांगत आले होते, पण पुण्याबाहेर एक दिवस जाऊन बसले नव्हते.

जबलपूरला राहायला जाते, असं सांगायला आईला फोन केला. "लोक तिकडून पुण्याला येतात, अन् तू उलटी चालली?" ती म्हणाली. बाबांनी फोन घेतला. एवढंच विचारलं, "राहशील कुठं?"

जबलपूरला उतरले ती लॉजवर. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या कॉलनीत, जुन्या क्वार्टरकडे गेले. आमच्या व्हरांड्यात कुणाचे तरी गणवेश वाळत होते. मी हाक मारली नाही. काय सांगणार होते? घमापुरापासून जवळच वरच्या मजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण म्हणाली, "आप यहीं की हैं क्या?" मी हो म्हणाले आणि लगेच वाटलं, खरं बोललो का आपण?

रेणूनं माझ्याकडे येऊन रंगवायचं असं आम्ही ठरवलं, पण तिच्या आधी तिचे वडील आले. भुवयांवर पीठ तसंच. खोली बघितली, माझा लॅपटॉप बघितला.

"चक्की हमारी भी घर में है, बेटा. पर चलती है तो मोहल्ला सुनता है. तुम लोगों का काम न दिखता है, न सुनाई देता है."

"हो ना, काका," मी मराठीतच बोलून गेले. "आमच्या घरीही अजून कोणाला कळलं नाही."

ते हसले. पुन्हा एकदा खोलीभर फिरले आणि टेबलाचं एक टोक धरलं. "उधर से पकड़ो. यहाँ धूप सीधी आँख में आएगी." आम्ही दोघांनी टेबल दुसऱ्या खिडकीशी नेलं. परवानगी मिळाली, हे मला तेव्हा कळलं.

बरगीचं पुस्तक झालं. त्यानंतर दोन झाली. मधे एक मोठा काळ काहीच नव्हतं, तेव्हा रिछाईचा विषय पुन्हा निघाला आणि आम्ही दोघी चिडचिड्या झालो. पुण्याची आठवण येते. तिथल्या मैत्रिणींना वाटतं मी मागे गेले. आई-बाबा दिवाळीनंतर येऊन गेले. बाबा मोठ्यानं बोलत कॉलनीकडे फिरून आले आणि परत आल्यावर बराच वेळ पेपर उघडून बसले.

मागच्या रविवारी दार वाजलं. रेणू होती. पाठीवर चित्रांची पिशवी नव्हती.

"अगं, आज तर काही काम नाही," मी म्हणाले.

"पता है," ती चपला काढत म्हणाली, आणि आत येऊन जमिनीवरच ऐसपैस बसली. मी चहाचं आधण वाढवलं.